एकसष्ट फाइली नीट केल्या

स्क्रीनच्या खालच्या पट्टीत एक ओळ उमटली, दीड-दोन सेकंद थांबली आणि पुसली गेली : ६१ फाइली नीट केल्या. नोएलियाचं बोट अजून कळीवरच होतं. तिनं काही बदललं नव्हतं. बाबांच्या डिस्कवरची सगळ्यात लहान फाइल, चार ओळींची, नुसती बघायला म्हणून उघडली होती. आणि डाव्या हातानं, कुणी न सांगता, गेली पंधरा वर्षं दिवसातून शेकडो वेळा दाबत आली होती तशी, जतन करण्याची कळ दाबली होती. सोमवार, सकाळचे अकरा. ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर हीटर घरघरत होता आणि पलीकडच्या टेबलाशी रामिरो थर्मास काखेत धरून तुंब्यातल्या येर्बाच्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतत होता. तिनं दुसरी फाइल उघडली. मग तिसरी. मग लोकरीच्या प्रतवारीचा मोठा तक्ता असलेली सतरावी. बाबांनी आकड्यांखाली आकडे ठेवून, एकेक मोकळी जागा मोजून उभे केलेले रकाने गेले होते. आकडे होते सगळे, एकही हरवला नव्हता. पण आता ते ओळीच्या टोकापर्यंत खच्चून भरले होते, ओळ संपली की खालच्या ओळीत सांडले होते, जणू वेगवेगळ्या रांगांत उभ्या असलेल्या माणसांना कुणी एकाच गाडीत कोंबलं असावं.

हे करणारं साधन तिनं स्वतः बसवलं होतं. फाइल जतन केली की ते सबंध फोल्डरमधला कोड एका ठरलेल्या साच्यात बसवतं : किती जागा सोडायची, ओळ कुठे तोडायची, कंस कुठे ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात ह्याच गोष्टींवरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, तेव्हा तिनं उभं राहून सांगितलं होतं की ज्या गोष्टीला महत्त्व नाही ती यंत्रावर सोपवा, म्हणजे आपण महत्त्वाच्या गोष्टींवर भांडू. सगळ्यांना पटलं होतं. तिला स्वतःला इतकं पटलं होतं की तिनं ते आपल्या लॅपटॉपवर कायमचंच लावून ठेवलं, कुठलंही फोल्डर उघडलं तरी चालेल असं. आणि बाबांची डिस्क तिनं आधी कॉपी करून घेतली नाही. तारेनं सरळ जोडली आणि उघडली. नव्यानं शिकणाऱ्या पोरांना ती पहिल्याच दिवशी हे करू नका म्हणून बजावत असे.

मागे जाण्याची कळ तिनं दाबून पाहिली. ती उघड्या फाइलीपुरती चालते. चार ओळींची फाइल गुणी मुलासारखी पूर्ववत झाली.

“काय झालं गं?” रामिरोनं विचारलं. “चेहरा बघ तुझा.”

“बाबांचा कोड फॉरमॅट केला मी.”

“मग? चालतोय ना?”

“चालतोय.”

“मग गेलं काय? जुनी नोंद असेल की. तिथून परत घे.”

“नोंद नाही. ते ठेवत नसत.”

रामिरोनं तुंबा खाली ठेवला. “बदलांची नोंदच नाही? सव्वीस वर्षांत?”

“इतिहास माझ्या डोक्यात आहे म्हणायचे.”

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला, कारण ते डोकं मे महिन्यात पुरलं होतं आणि पुरताना तोही आला होता. “बरं, पण खरं सांगू का,” तो हळू आवाजात म्हणाला, “शुक्रवारी लोकरीच्या वखारीच्या नवीन कंत्राटदाराला द्यायचाय ना? त्याचं काम सोपंच झालं. नीट झालं सगळं.”

तिनं मान हलवली. त्याच्या जागी ती असती तर हेच बोलली असती. संगणकाच्या दृष्टीनं मोकळ्या जागा म्हणजे काहीच नाही. वाचताना तो त्या टाकून देतो. बाबांनी सव्वीस वर्षं जे अंतर राखलं ते यंत्राला कधी दिसलंच नव्हतं. बाबांनी, म्हणजे दार्दो इतुराल्दे ह्या माणसानं, मागे पत्रं ठेवली नव्हती. फोटोंचा त्याला तिटकारा. सही करायचा तीसुद्धा एक आडवी रेघ. त्याचा हात असा कुठे राहिलाच असेल तर तो ह्या जागांत होता, आणि पहिल्यांदा बघायला म्हणून तिनं ते उघडलं आणि दोन सेकंदांत सारवून टाकलं.

बाबांना प्रत्येक यंत्राविषयी मत होतं. खिडक्यांच्या सिस्टिमला ते भाड्याचं घर म्हणत : मालकाकडे किल्ली असते, तो केव्हाही आत येतो, पलंग हलवतो आणि वर चिठ्ठी ठेवतो की तुमच्या सोयीसाठी केलं. फोनला ते टीव्ही म्हणत. चौऱ्याण्णव साली इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मित्राकडून तीसेक फ्लॉपींवर त्यांनी एक फुकटचं युनिक्स आणलं, तीन दिवस बसून ते घातलं आणि त्यानंतर घर बदललं, आई गेली, त्यांचे केस पांढरे झाले, पण ते तसंच राहिलं. मशीन बदलायचं, आत तेच. माऊस टेबलाच्या खणात, रबरबँड आणि जुन्या चाव्यांबरोबर. ज्या एडिटरमध्ये ते लिहायचे त्यात रंग नव्हते. शब्दांना रंग लहान मुलांच्या वहीत असतात, म्हणायचे. त्यांचा एक आवडता सिद्धान्त होता की अवजारानं सांगितलेलं करावं, तेवढंच करावं आणि गप्प बसावं. नोएलिया बारा वर्षांची असताना तिला तो पाठ होता, वीस वर्षांची असताना त्याचा राग यायला लागला आणि स्वतः ह्या धंद्यात पडल्यावर तिनं त्याच्याविरुद्ध आपला सिद्धान्त उभा केला. चांगलं अवजार ते, ज्याला सांगावं लागत नाही. रविवारी जेवायला गेली की रॅविओली संपेपर्यंत दोघं ह्यावरच. आत्या कंटाळून म्हणायची, “दुसऱ्यांच्या घरी फुटबॉलवर भांडतात. निदान कळतं तरी कोण जिंकलं.”

आता तिच्या समोरच्या पडद्यावर सांगावं न लागणारी अवजारं दिवसभर काम करत होती. ती एखादा शब्द लिहायला घेई तोच पुढची ओळ करड्या अक्षरांत हजर होई, मनात काय आहे ते विचार पुरा व्हायच्या आत तिला सांगितलं जाई, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे, हे जास्त वाईट होतं. कोपऱ्यात एक चौकट येऊन म्हणे, नवीन आवृत्ती तयार आहे, आत्ता की तासाभरानं. नको असा पर्याय नसे. सिस्टिमनं रात्रीतून स्वतःला बदलून घेतलेलं असे आणि सकाळी एखादं बटण डावीकडचं उजवीकडे गेलेलं असे. वर्षानुवर्षं ती ह्या सगळ्याची वकिली करत आली होती, आणि अगदी आत्ताही, ह्या क्षणीही, मुद्द्यांत तिला खोट सापडत नव्हती. म्हणून चीड येत होती. चूक सापडली असती तर ती दुरुस्त करता आली असती. तिनं करडी अक्षरं बंद केली, मग तासाभरानं काम तटलं तेव्हा पुन्हा सुरू केली.

शेवटचं भांडण फेब्रुवारीतलं. ते तिला आठवायचं नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती किनाऱ्याच्या कठड्यावर बसली, वारा होता, डबा तसाच मांडीवर, आणि ते आलं. बाबांचं वजन उतरायला लागलेलं, पण अजून कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. ते लोकरीच्या तक्त्यात एक नवी ओळ घालत होते आणि ती मागे उभी होती. एक आकडा इतरांपेक्षा एका अंकानं लांब निघाला, म्हणून त्यांनी वरच्या चाळीस ओळींत चाळीस ठिकाणी एकेक जागा वाढवली. हातानं. कळ, खाली, कळ, खाली. ती म्हणाली, बाबा, हे एका आज्ञेत होतं. ते म्हणाले, ठाऊक आहे. ती म्हणाली, मग का? त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढची ओळ घेतली, आणि त्या न बोलण्यानं ती इतकी पेटली की म्हणून गेली, “कुणासाठी चाललंय हे? तुमचा कोड तुमच्याशिवाय जगात कुणी वाचत नाही. तुम्ही गेलात की कुणी वाचू शकणारही नाही.” ते थांबले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, “कॉफी ठेव जरा.” तिनं ठेवली. नंतर हॉस्पिटलात त्यांनी पलंगाशेजारच्या मॉनिटरविषयीसुद्धा मत दिलं, ह्याला ओरडायची सवय लावलीय, ऐकायची नाही लावली. नर्सला सांगून आवाज कमी करून घेतला. पण फेब्रुवारीतल्या त्या वाक्याबद्दल काही नाही, ना त्यांनी, ना तिनं. मार्च गेला, एप्रिल गेला, सांगायला जागा होती, वेळ होता, ती रोज संध्याकाळी तिथं बसत होती आणि दोघं मॉनिटरविषयी बोलत होती.

मंगळवारी तिनं रजा टाकली आणि डिस्क खरवडली. पुसलेलं परत काढणारी जितकी साधनं माहीत होती तितकी चालवली. जुन्या फाइलींच्या जागेवरच नव्या लिहिल्या गेल्या होत्या. तरी कुठेकुठे तुकडे निघाले. एका तक्त्याच्या साडेतीन ओळी. एका ओळीचं शेपूट, ज्यात नुसत्या जागा आणि शेवटी स्वल्पविराम. ते साधन मधूनमधून विचारी, तुमचा अनुभव कसा होता, एक ते पाच तारे. साडेतीन ओळी तिनं वेगळ्या कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यावरून बाकीचं बांधता येतं का पाहिलं. येत नव्हतं. प्रत्येक तक्त्याची मोजणी वेगळी होती. तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला, सगळे रकाने एकाखाली एक आणणारा, दहा मिनिटांचं काम, आणि तो चालवून पाहिला. तक्ता सरळ उभा राहिला. त्याच्याकडे पाहताना तिला कळेना की अंगावर शहारा कशाचा येतोय. मग कळलं, बाबा गेल्यावर हॉस्पिटलच्या लोकांनी त्यांचा भांग पाडला होता, उजवीकडे; ते डावीकडे पाडत. नीट पाडला होता. तिनं तो प्रोग्राम पुसून टाकला.

बुधवारी सकाळी ती कापुर्रो भागातल्या लोकरीच्या वखारीवर गेली. बाबांचा प्रोग्राम चालायचा तो तिथल्या मशीनवर, आणि बाबांनी एखादी प्रत तिथं ठेवली असेल ही शेवटची आशा होती. विल्सन तेचेरा, वखारीचा मुख्य प्रतवारीवाला, लांब टेबलापाशी उभा होता. सत्तरीचा, अंगठे लोकरीच्या तेलानं चकचकीत, डोळे अधू झालेले आणि ते मान्य नसलेले. बाबांच्या मातीला तो उभा राहिला होता, एक शब्द बोलला नव्हता आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवताना आपला हात पँटला पुसून घेतला होता.

“ये पोरी. मला वाटलंच येशील. ऑगस्टचा शेवटचा आठवडा.”

“का? ऑगस्टचं काय?”

“वाचन,” तो म्हणाला, जणू तिला हे ठाऊक असणारच. “बाबा बोलला नाही?”

“नाही. काका, मी विचारायला आले होते की बाबांची एखादी जुनी प्रत इथं आहे का. कोडची. कागदावरची, कसलीही.”

“नाही बा.”

“मशीनमध्ये?”

“मशीनमध्ये चालतं तेवढं आहे. वाचता येईल असं काही नाही. पाना-कागदाचं म्हणशील तर दरवर्षी वाचून झालं की तो फाडायचा. माझ्यासमोर. जुनं पान राहिलं की कुणीतरी गाढव त्याच्यावरून प्रतवारी करील म्हणायचा. गाढव म्हणताना माझ्याकडे बघायचा.”

ती बाकावर बसली. मग तिनं विचारलं, “काका, वाचून झालं की म्हणजे काय? कोण वाचायचं?”

“मी.”

“काय वाचायचा तुम्ही?”

“हेच की. त्याचं ते. कातरणीचा मोसम सुरू व्हायच्या आधी तो कागद छापून आणायचा आणि आम्ही इथं बसायचो, ह्याच टेबलावर. तो ते कंस-बिंस बोटानं झाकायचा आणि मी पट्टी लावून एकेक ओळ खाली यायचो. जाडी, लांबी, रंग, प्रत. कॉरिडेल मेंढ्या, मेरिनो मेंढ्या, दोन्हींचे संकर. कुठली प्रत गेल्या साली गिऱ्हाईकांनी परत पाठवली, कुठं आकडा हलवायला पाहिजे. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण ते वाचता यायचं. सकाळी बसलो की जेवणापर्यंत.”

“पण त्यासाठी वेगळा तक्ता छापता आला असता. मोठ्या अक्षरांत. सोपा.”

“हे मी त्याला पहिल्या वर्षीच म्हटलं. म्हणाला, छापायचा तक्ता वेगळा आणि मशीन वाचतं तो वेगळा असला की दोघांतला एक खोटा निघतो, आणि कुठला ते लोकर बोटीवर चढल्यावर कळतं. म्हणाला, मशीन जे वाचणार तेच तू वाच. तुला वाचता येईल असं लिहिणं माझं काम.” तेचेरानं टेबलावरचा एक पुंजका उचलला, दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरला, परत ठेवला. “फेब्रुवारीत फोन आला होता. एक आकडा लांबलाय, रकाना सरकवतोय, ऑगस्टमध्ये तुझी पट्टी चुकेल, आधी सांगून ठेवतो म्हणाला.”

फेब्रुवारीत. तिनं बाहेर पाहिलं. अंगणात ट्रक मागे घेत होते आणि कुणीतरी पाठीमागे उभं राहून पत्र्यावर थाप मारत होतं. कॉफी ठेव जरा. सव्वीस वर्षं त्या कोडला एक वाचक होता, वर्षातून एक सकाळ, लाकडी पट्टी घेऊन बसणारा. एका वाक्यात सांगता आलं असतं, तेचेरा वाचतो गं. ते सांगितलं नाही त्यांनी. तिचं वाक्य असं होतं की त्यावर कुणी काही सांगितलं नसतं.

“छापून आणलंयस का?” तेचेरानं विचारलं. “शुक्रवारी ते लोक घेऊन जाणार म्हणतात. त्याच्या आधी ह्या वर्षीचं व्हायला पाहिजे. नंतर मला कोण विचारतंय.”

“छापलं नाही. इथं आहे.” तिनं लॅपटॉप काढला आणि सतरावी फाइल उघडली. तेचेरानं चष्मा चढवला, नाक पडद्याला लागेल इतका वाकला.

“हे काय आहे?”

“तेच आहे. माझ्या हातून बिघडलं. आकडे सगळे बरोबर आहेत.”

“पोटाखालची, पायाची, पाठीची, सगळी एका गोणीत भरलीस,” तो म्हणाला. रागानं नाही; टेबलावर रोज पन्नासदा बोलावं तसं. “लोकर सगळी आहे, खरं आहे. पण विकणार काय म्हणून?”

“मी वाचून दाखवते. तुम्ही ऐका.”

तिनं वाचायला सुरुवात केली. कंस आणि स्वल्पविराम गाळत, कुठे ओळ संपते ते स्वतःच अंदाजानं ठरवत. तेचेरा डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या ओळीला त्यानं थांबवलं. पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तो म्हणाला, ऐकून नाही जमत, मला वरचा आकडा दिसायला पाहिजे, वरच्यापेक्षा खालचा किती हलला ते दिसायला पाहिजे. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच अडचण आली, म्हाताऱ्या माणसाची, आणि ती तिला सहन होईना. तिनं फॉरमॅटर बंद केला. इथं, ह्या फोल्डरपुरता नव्हे. सेटिंगमध्ये जाऊन मुळातूनच. मग पहिली ओळ संपायची तिथं तोडली.

“पहिला आकडा कुठून सुरू व्हायचा, आठवतं?”

“आठवतं का म्हणून काय विचारतेस. पट्टीला माहीत आहे.” त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली पट्टी काढून आणली, तिची एक कड पडद्याला लावली. “कागदाचं आणि ह्याचं माप एक नाही, पण हिशेब एकच. जाडी इथून. मग लांबी, दोन बोटं सोडून, आणि फोनवर म्हणाला ती एक जागा अजून. मार तू.”

तिनं जागेची कळ दाबली.

“अजून. अजून. थांब.”

ती थांबली. पुढचा आकडा. अजून. थांब. रंगाचा रकाना, मग प्रत. एक ओळ झाली. दुसरी तिच्याखाली बसवताना तिच्या बोटांनी सवयीनं पुढची ओळ एका आज्ञेत करायचा विचार केला आणि तिनं तो पुरा होऊ दिला नाही. तिसऱ्या ओळीला ती आपोआपच बरोबर ठिकाणी थांबली आणि तेचेरानं नुसतं हूं केलं. दहा ओळी व्हायला पाऊण तास लागला. एकसष्ट फाइली होत्या. त्यातल्या तेचेराला ठाऊक असलेल्या किती आणि नसलेल्या किती, ते तिनं विचारलं नाही. बाकीच्या ज्यांना पट्टीनं कधी शिवलं नव्हतं त्या गेल्या होत्या, हे तिला विचारायच्या आधीच माहीत होतं.

अकराव्या ओळीला, प्रतीच्या आधी, तो म्हणाला, “इथं एक जागा जास्त.”

“पण मग रकाना मोडतो.”

“मोडायचाच. दरवर्षी मोडलेला असायचा. ह्या ओळीला एक जास्त, खालच्याला पुन्हा बरोबर.”

“का?”

“मला वाटायचं तुम्हा संगणकवाल्यांचं काहीतरी असेल.”

“नाही,” नोएलिया म्हणाली. “आमचं असं काही नसतं.”

“विचारायला पाहिजे होतं,” तेचेरा म्हणाला.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. आकडे साधे होते, वरच्या-खालच्यांसारखेच. तिनं एक जागा जास्त सोडली आणि बारावी ओळ घेतली.